चाचणीपुरतं बेअरिंग

१

जळालेली मोटर आमच्याकडे आली की आधी तिचं पोट रिकामं करावं लागतं. करपलेली तार उपटायची, खाचा खरवडायच्या, कागद घालायचा आणि मग नवी तार भरत बसायचं. हे काम माझं. शाळा चौथीत सुटली तेव्हा हातात तार आली, ती अजून सुटलेली नाही. मिस्त्री, म्हणजे माझा नवरा, मोटरी उघडतो, जोडतो आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. मला गोड बोलता येत नाही म्हणून मला आत बसवलंय, असं तो चारचौघांत सांगतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, इथे तो म्हणेन.

पुढच्या खोलीत दुकान. मधल्या खोलीत आमची मुलगी. मागे स्वयंपाकाचा ओटा आणि त्याला लागून एक पत्र्याची खोली, भंगाराची.

दुकानाची एक रीत आहे. मोटर भरून झाली की चाचणीला नवं बेअरिंग घालायचं नाही. चाचणीत काही बिनसलं तर नव्याचं वाटोळं होतं. म्हणून खोक्यातलं जुनं, कुणाच्या तरी मोटरीतून उपटलेलं बेअरिंग घालायचं, मोटर फिरवून बघायची, आणि पास झाली की जुनं ओढून काढून नवं ठोकायचं. सासऱ्यांपासून हेच चालत आलं. यात कुणी कधी चूक काढली नाही.

बेअरिंग ऐकायचं ते लांब स्क्रूड्रायव्हरने. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. बेअरिंग चांगलं असेल तर नळातून पाणी वाहावं तसा एकसारखा आवाज येतो. खराब असेल तर आत कुणी वाळू चावतंय असं वाटतं.

मुलीला सगळे टकळी म्हणतात. लहानपणापासून तोंड म्हणून बंद नाही. वयात आली, लग्नाची झाली, तरी तेच. मग छातीचं दुखणं जडलं. फुप्फुसं आखडत चाललीत, डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणजे मशीन घ्या, ते म्हणाले. तेव्हापासून तिच्या उशाशी प्राणवायूचं मशीन आणि नाकात नळी. दोन शब्द बोलायची, थांबायची, श्वास घ्यायची. श्वास आत जाताना शेवटी बारीक शीळ वाजायची. तरी बोलायची मात्र. मरेन पण बोलेन असला स्वभाव, माझ्यावर गेलेला.

२

मग वीज जायला लागली. आधी तासभर, मग अर्धा दिवस. बॅटरी होती, पण ती मशीन ओढता ओढता लगेच मान टाकायची. पेट्रोलवरचं जनरेटर आणून बघितलं. त्याच्या धुराने पोर निळी पडली, त्याच दिवशी परत पाठवलं.

तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यात खूळ शिरलं. भंगाराच्या खोलीत त्याने एक जुना डायनामो आणि एक मोटर समोरासमोर बसवली, मध्ये जोड दिला, टोकाला जड लोखंडी चाक लावलं.

"मोटर डायनामोला फिरवेल," तो म्हणाला, "डायनामो मोटरला वीज देईल. उरेल ती पोरीच्या मशीनला."

"उरेल कुठून? म्हणजे स्वतःच्या खांद्यावर स्वतःच बसायचं म्हणा की."

"चाक जड आहे. एकदा फिरलं की ओढतं."

"अहो, आयुष्य गेलं तारेत. असं होतं का कधी?"

"नाही होत."

"मग?"

"मग काय करू? हातावर हात ठेवून तिची शीळ ऐकत बसू?"

मी डायनामोचं पोट उघडलं आणि तार भरायला बसले. होणार नाही हे ठाऊक असून भरली, आणि तरीही एक वेढा सैल ठेवला नाही. तारेवरचं वार्निश वाळल्यावर मिस्त्रीने चाकाच्या बाजूला खोक्यातलं जुनं बेअरिंग ठोकलं.

"चाचणीपुरतं," तो म्हणाला.

नवं बेअरिंग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं.

३

चाचणी भर दुपारी घेतली. वीज गेलेलीच होती. मिस्त्रीने चाकाला दोरी गुंडाळून ओढली. चाक फिरलं, मीटरचा काटा जागचा हलला नाही. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

जुन्या लोखंडात चुंबकाचा थोडा अंश उरलेला लागतो. राखेखाली निखारा असावा तसा. तो असला की त्यावरून वीज धरते. नसला की बॅटरीचा झटका देऊन तो जागवायचा. पण आमची बॅटरी मधल्या खोलीत पोरीला जगवत होती, आणि तीही संपत आलेली.

"मेलंय हे लोखंड," मिस्त्री म्हणाला आणि दोरी फेकून दिली.

तेवढ्यात टकळी दारात आली. नळी मागे ओढत, भिंतीला धरत.

"बाबा, मी... ढकलू का?"

"तू जा, पड जरा."

"तुमच्याकडून... काटा हलत नाही... माझा हात... तरी लागू दे."

मी ओरडायच्या आत तिने तळवा चाकावर ठेवला आणि ढकललं. तिच्या अंगात जोर कुठला. चाक जेमतेम हललं, एक फेरा पुरा केला असेल नसेल.

काटा उठला.

चाक थांबेल असं वाटलं, तिथेच त्याने वेग घेतला. दोरी नाही, हात नाही. आधी सावकाश, मग आऱ्या दिसेनाशा झाल्या. भिंतीवरचा बल्ब लाल झाला, मग पिवळा, मग पांढरा. मिस्त्री उपड्या बादलीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. टकळी हसत होती.

मी हसले नाही. जे होत नसतं ते घरात झालं की आधी चोर शोधावा.

४

चोर शोधला. दारावरच्या विजेच्या मीटरपासून घराची तार सोडवली, चाक चालूच. खोलीतली एकूण एक वायर हाताने चाचपली, कुठे कुणाची लाइन आत शिरली नव्हती. मिस्त्रीने गुपचूप एखादी बॅटरी दडवली असेल म्हणून भंगाराचा ढीग उपसला. काही नाही. मग डायनामोच्या अंगावर हात ठेवला. चालतं मशीन ऊब धरतं, ताप आल्यासारखं. हे गार होतं. अंधारात ठेवलेल्या पाण्याच्या हंड्याच्या बुडासारखं गार.

"गार आहे हे," मी म्हटलं.

"मग बरंच की. गरम झालं असतं तर तू म्हणाली असतीस जळेल."

पोरीचं मशीन त्यावर लावलं. पहिल्यांदा वीज गेल्याचं तिला कळलंही नाही. शेजारची शिंपीण लगेच हजर झाली.

"वहिनी, अख्खी गल्ली घामाने भिजलीय आणि तुमचा पंखा फिरतोय. एक तार टाका की आमच्याकडे."

"थांब जरा. अजून चाचणी चाललीय."

"तुमच्या चाचणीत माझे कोट राहिले शिवायचे. गिऱ्हाईक बिनबाह्यांचे घालून जाईल."

ती टकळीजवळ जाऊन बसली. दोघींचं गूळपीठ. मी ओट्यापाशी भांडी विसळत ऐकत होते आणि माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. पोर बोलत होती, आणि बोलतच होती. मध्ये थांबत नव्हती. शीळ नव्हती. आधी मला वाटलं, बरं वाटतंय तिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

मग लक्षात आलं की ती श्वास घ्यायलाही थांबत नाहीये. धडधाकट माणूसही बोलता बोलता श्वास घेतं. ही नाही.

५

शिंपिणीला तार द्यायची तर मशीन किती ओझं पेलतं ते बघायला हवं. आमच्याकडे त्यासाठी लाकडी फळी आहे, बल्बांची ओळ ठोकलेली. जनरेटरला ती लावली की ते कण्हतं, त्याचा वेग पडतो. मिस्त्रीने सगळे बल्ब एकदम लावले. मशीन कण्हलं नाही. चाकाचा आवाजही बदलला नाही. बल्ब लखलखले.

मधल्या खोलीत टकळी शिंपिणीला कुणा गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होती. "आणि तो म्हणतो, बाई, माझा कोट मला पोटावर..."

पुढे काही नाही.

"बंद करा," मी म्हटलं.

मिस्त्रीने खटका पाडला. बल्ब विझले.

"...बसत नाही, तर हा म्हणतो पोट उसवून देऊ का," टकळीचा आवाज आला. तिथूनच पुढे.

शिंपीण दारात आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "वहिनी, पोरगी मधेच थांबली. तोंड उघडंच. डोळे उघडेच. मी हलवलं तिला."

"ठसका लागला असेल," मिस्त्री म्हणाला, पण त्याचा हात पुन्हा खटक्याकडे गेला. त्यालाही बघायचंच होतं. मी नको म्हणेपर्यंत बल्ब लागले आणि मधल्या खोलीतलं हसणं कापून टाकल्यासारखं थांबलं. विझले, हसणं पुढे चालू. टकळीला काहीच कळलं नव्हतं. ती विचारत होती, शिंपीण उठून का गेली.

मी ती फळी उचलली आणि भिंतीवर आपटली. काचा खोलीभर झाल्या. "यापुढे या मशीनला एक बल्ब लावाल तर हात मोडून ठेवीन," मी म्हटलं. शिंपिणीने परत तार मागितली नाही. परत आलीच नाही.

६

दवाखान्यातून तपासायला नर्सबाई येते. बोटाला चिमटा लावते, त्यात दोन आकडे उमटतात, एक प्राणवायूचा, एक नाडीचा. त्या दिवशी प्राणवायूचा आकडा बघून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय चारता हिला?"

"काही नाही. जेवतच नाही ती. भूक नाही म्हणते."

"असा आकडा माझा येत नाही." तिने चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघितला, मग परत पोरीला. नाडीचा आकडा मघाचाच. तिने पोरीला खोलीत चकरा मारायला लावल्या, परत लावला. तोच. तिने चिमटा तळहातावर आपटला. "बिघडला वाटतं. पण रंग छान आहे हिचा. नळी काढून बघू?"

नळी काढली. मशीन बंद केलं. टकळी बोलत राहिली. आकडा तिथेच.

मिस्त्रीने नर्सबाईला दारापर्यंत पोचवलं आणि येताना तो चक्क गुणगुणत होता. कितीतरी दिवसांनी. मी पोरीचा हात हातात घेतला.

"गार आहेत तुझे हात."

"मला तर काहीच गार लागत नाही," ती म्हणाली. "आई, बाबांना सांग, ते मागचं मशीन आता कशाला चालू ठेवलंय?"

मी खरंच विचार केला. प्राणवायूचं मशीन बंद होतं. मागचं चाक आता कुणासाठीच फिरत नव्हतं.

७

मला खात्री करून घ्यायची होती. वेडगळ समजूत आहे, एकदा ऐकलं की जाईल, असं म्हणून मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चाकाकडच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानामागे.

मला वाळू ऐकू यायला हवी होती. जुनंच होतं ते.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. आत जाताना शेवटी बारीक शीळ.

ती शीळ मी हजार माणसांत ओळखेन. कितीतरी दिवस तिच्या उशाशी बसून तीच मोजली आहे.

मी मिस्त्रीला बोलावून ऐकवलं. "आतल्या पंख्याचं पातं हवा खेचतंय," तो म्हणाला. मग मुठीवरून कान न काढता म्हणाला, "तुला काय ऐकू आलं?"

"तुम्हाला आलं तेच."

तो स्क्रूड्रायव्हर ठेवून दुकानात गेला आणि एक उघडी मोटर उगीचच परत उघडू लागला.

मी मधल्या खोलीत गेले. टकळी खिडकीशी पाठमोरी बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवत होती. मी तिचे केस बाजूला केले, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, हलकेच टेकवलं. मूठ कानामागे.

"काय करतेस गं?"

"काही नाही. गप बस जरा."

ती गप बसली. नळातून पाणी वाहावं तसा आवाज येत होता. एकसारखा. श्वास नाही, ठोका नाही. नुसतं काहीतरी जड, गोल गोल फिरत होतं. आणि खूप खोलवर, अगदी बारीक, कुणी वाळू चावत होतं.

८

डॉक्टरकडे जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. काय सांगू डॉक्टरला? मुलीचा श्वास घरी भंगाराच्या खोलीत राहिलाय?

वीज सुधारली. रस्त्यावर नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि दिवसभर वीज राहू लागली. मिस्त्रीने स्वतःची समजूत घातली. मला न विचारता एका सकाळी तो बेअरिंग ओढून काढायचा पुलर घेऊन मागे गेला.

"पोर बरी झालीय," तो म्हणाला. "प्राणवायूचं मशीन आहे, वीज आहे. हे बंद करतो. ते जुनं बेअरिंग दगा देईल. नवं ठोकतो, मग हवं तर परत चालवू."

"हात लावू नका."

"तू आणि तुझं ऐकणं. मी माझ्या डोक्याने..."

त्याने तार ओढून काढली.

चाक जड होतं, लगेच थांबलं नाही. सावकाश उतरू लागलं. आऱ्या दिसू लागल्या. आणि मधल्या खोलीत टकळी, जी खिडकीतून दूधवाल्याशी भांडत होती, तिचा आवाज जाड होऊ लागला. शब्द लांबत गेले. पुरुषाचा आवाज असावा तितका खाली गेला, मग त्याच्याही खाली. मग तो आवाज राहिला नाही, नुसता घरघराट.

मी दारातून तिच्याकडे बघितलं. ती मान वळवत होती. माझ्याकडे बघायला वळवत होती आणि मान पोचत नव्हती. चेहऱ्यावर अर्धं हसू होतं आणि त्या हसण्यामागे कुणी नव्हतं. मी जे बघितलं ते एवढंच. पुढचं बघायला थांबले नाही.

मागे धावले. आऱ्या एकेक करून मोजता येत होत्या. मी तळवा चाकावर ठेवला आणि ढकललं, पुन्हा ढकललं. कातडी चाकाला लागून गेली. "जोडा," मी म्हटलं, "जोडा ती तार, नाहीतर तुमचाही जीव घेईन." मिस्त्रीच्या हातून तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली.

चाकाने वेग घेतला.

"...पाणी किती आणि दूध किती ते तरी सांग," मधल्या खोलीतून आवाज आला.

९

मिस्त्री त्यानंतर मागच्या खोलीत आला नाही. दुकानात बसतो. गिऱ्हाईक आलं की काम बंद आहे म्हणतो. मी मोटर भरायला मागते तर देत नाही. पुलर त्याने कुठेतरी नेऊन टाकला. मी विचारलं नाही कुठे.

माझा दिवस आता असा जातो. सकाळी उठले की चूल पेटवायच्या आधी मागे जाते, बेअरिंगच्या भोकात तेल सोडते. धूळ उडू नये म्हणून जमीन ओल्या फडक्याने पुसते. खिडकीला फडकं शिवून लावलंय. जवळून कुणाला चालू देत नाही. संध्याकाळी पुन्हा तेल. माझ्या माहेरी देवघरातही इतकी स्वच्छता नव्हती. तळव्याची जखम भरली, पण तिथे कातडी गुळगुळीत आली, रेघ एक नाही.

टकळी बोलते. दिवसभर बोलते. नवं काही नसलं की जुनंच सांगते. तेवढं माझ्या हाती आहे, ते चालू ठेवणं.

बेअरिंग किती टिकतं हे मला विचारा. चांगलं असेल, तेलपाणी असेल, तर वर्षानुवर्षं. हे चांगलं नव्हतं. ते आम्ही खोक्यातून काढलं होतं, आधीच झिजलेलं, चाचणीपुरतं. आणि बेअरिंग बदलायचं तर मशीन थांबवावं लागतं. दुसरा मार्ग नाही. मी या धंद्यात बोटं झिजवलीत, मला विचारा, दुसरा मार्ग नाही.

आज दुपारी स्क्रूड्रायव्हर लावला. शीळ होती. पण शिळेच्या मागे कण चुरडल्याचा आवाज होता. तेल सोडलं, थोडा वेळ थांबला, परत सुरू. मी तिथे उकिडवी बसून राहिले. फळीवर नवं बेअरिंग होतं, कागदात गुंडाळलेलं. कागदाला ग्रीसचा डाग पडला होता.

"आई," मधल्या खोलीतून टकळीने हाक मारली.

"काय गं?"

"घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय. वाळू असल्यासारखं."

"पाणी पी," मी म्हटलं.

"प्यायले. जात नाही."